थांबलेलं ऊन

"तो डोळो आधी बंद कर आणि मगे कुलूप लाव," अक्का म्हणाल्या होत्या.

डोळा म्हणजे आमच्या घरातला कॅमेरा. फ्रिजच्या वर, भिंतीला चिकटवलेला, चहाच्या कपाएवढा. आणि कुलूप लावायचं होतं ते गावपळणीसाठी. आचऱ्यात काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव घरंदारं सोडून तीन दिवस हद्दीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. मागे कोणी राहत नाही. मी माहेरची कणकवलीची, त्यामुळे माझी ही पहिलीच गावपळण.

अक्का ओटीवर गाठोडं बांधत बसल्या होत्या. "तीन दिस ह्या घर आपला नसता गो. मागे काय चलता ता आपण बघूचा नाय."

"अक्का, कॅमेऱ्याक देव दिसत नाय. चोर दिसतत," मी म्हटलं. वायफाय चालू, कॅमेरा चालू, आणि बाहेरून कुलूप.

पुढे ह्यावरून गावात काय काय बोललं गेलं ते माझ्या कानावर आहे. देवाच्या दिवसांत घरावर डोळा लावलान, बघा मग पोराचा काय झाला. म्हणून मी हे पहिल्यापासून सांगणार आहे. देवाच्या नावाखाली कोण लपून बसलंय ते दिसू दे एकदा.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सगळा जन्म अंगणवाडीत गेला, लग्न केलं नाही, आता रिटायर झाल्यात. नवरा, पुष्कर, गोव्यात नोकरीला. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. मी कणकवलीच्या एका कॉलेजात तासिकेवर कॉमर्स शिकवते. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. मधल्या वेळात आमची तीन वर्षांची ओवी अक्कांकडे.

आणि ओवीला ताप चढला की आकडी येते. पहिल्यांदा आली तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. डोळे वर गेले, दात घट्ट मिटले, हात काठीसारखे झाले आणि माझं बाळ मला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच मुलांना येते, मोठी झाली की जाईल. ताप चढू द्यायचा नाही. आणि आकडी लांबतेय असं वाटलं तर घरात थांबायचं नाही, तडक दवाखाना. त्या दिवसापासून मी गाढ झोपलेय असं मला आठवत नाही. तिच्या कपाळाला हात लावायची मला इतकी सवय झालीय की वर्गात विद्यार्थ्याच्या हातातून पेपर घेतानासुद्धा वाटतं, ह्याचा हात गरम आहे का.

आमचं घर खाडीच्या अंगाला, खोलगट जागेत. तिथे मोबाइलला रेंज नाही. फोन करायचा तर घाटीची चढण चढून वर वळणावर जायचं, काजूच्या बागेपाशी. तापलेलं पोर कडेवर घेऊन अक्का तिथे कशा जाणार? ह्या एका प्रश्नापायी आम्ही ती वायर घरात घेतली.

वायर दिली जितेंद्रने. आमच्या वाडीचा केबलवाला. त्याचे वडील घरावर छत्री लावून केबल द्यायचे, ह्याने कंपनीची एजन्सी घेतली. वाडीत त्याला परका कोण म्हणणार? थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो.

"वयनी, एका वायरीत तीन कामा," तो म्हणाला. "नेट, टीव्ही आणि फोन. घरात वायफाय इलो की मोबाइलक रेंज कित्याक होयी? कॉल वायफायवरसून जातलो. वर कॅमेरो कंपनीकडसून फुकट."

"नेटला लिमिट किती?" मी विचारलं. कॉमर्सवाली आहे, विचारायची खोड आहे.

"अनलिमिटेड गो वयनी. दर्याक काय मीटर बसवतत?"

अक्का हसल्या, मीही हसले. त्याने खापरोळी खाल्ली, चहा घेतला, मोबाइलवर काहीबाही दाबलं, काचेवर बोटानेच माझी सही घेतली आणि उठता उठता म्हणाला, "नंबर माझो घातलंय. ओटीपीची कटकट तुमका नको. वाडीत सगळ्यांचो माझोच आसा."

शहरातल्या माणसाला हे ऐकून धक्का बसेल. आमच्याकडे ह्याला मदत म्हणतात. गॅसला पुतण्याचा नंबर, वीजबिलाला मुंबईच्या मुलाचा, केबलला जितूचा. ज्याला जमतं त्याने करावं. मी त्याला थँक्यू म्हटलं.

पहिल्या बिलात बॉक्सचं भाडं निघालं. दुसऱ्यात सेवा आकार. मागितले नव्हते ते चॅनेल आले आणि त्यांचे पैसेही आले. कॅमेरा फुकट होता, पण त्याचं चित्र साठवून ठेवायची जागा फुकट नव्हती. प्रत्येक वेळी जितू म्हणायचा, "ता कंपनीचा, वयनी. माझ्या हातात काय नाय." मी भरत गेले. कॉलेजात दोन तासांच्या मधे मोबाइल उघडला की मला ओवी दिसत होती. अक्कांनी भरवलेला भात थुंकताना, चादरीची साडी करून मिरवताना. त्या चित्रासाठी मी अजूनही चार आकार भरले असते, आणि ज्यांनी ते आकार लावले त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. माझ्यासारख्या बायांवरच त्यांचं चालतं.

तर गावपळण. आमची वाडी वायंगणीच्या माळावर उतरली. झावळ्यांच्या खोपी, दगडांच्या चुली, रात्री भजन आणि फुगड्या. ओवी शेळ्यांच्या मागे धावून धावून लाल झाली होती. माळावर रेंज छान, म्हणून मी येता-जाता मोबाइल उघडून आमचं रिकामं घर बघत होते. एक खिडकी लावायची राहिली होती. वाऱ्याने पडदा हलला की कॅमेरा जागा व्हायचा आणि मला कळवायचा: हालचाल दिसली.

शेजारचा बाबू मासळीचा टेंपो चालवतो. तो खोपीत डोकावला. "काय वयनी, राखणदार देव दिसलो?"

"सिरीयल बघता," मी म्हटलं.

"रिमोट खंय आसा ता तरी सांगान येवचा होता. बिचारो शोधीत बसलो असात."

पलीकडच्या खोपीत काशीबाई. ऐंशीच्या पुढच्या, आमच्या वाडीच्या टोकाला एकट्या राहतात. मुलगा सत्यवान मुंबईला. त्यानेही जितूकडूनच वायर घेऊन आईच्या खोलीत कॅमेरा लावलाय, आणि तोही चालूच होता, कारण तो मुंबईहूनच बघतो, बंद कोण करणार? त्याचा फोन आला तेव्हा काशीबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"आये, घरात मांजर शिरलाहा. ओट्यार बसलाहा."

"मगे मी काय करू? तूच हाकल मुंबयसून," काशीबाई म्हणाल्या आणि अख्ख्या रांगेतल्या खोपी हसल्या.

अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. पण त्यांनी मला परत काही म्हटलंही नाही. एकदाच सांगतात त्या.

घरी परतलो आणि ओवीला खोकला लागला. माळावरची थंडी बाधली. दोन दिवसांनी अंग कोमट लागलं, रात्री चढलं, पहाटे औषधाने उतरलं. कॉलेजात परीक्षा चालू होती आणि माझी सुपरव्हिजन होती. तासिकेवरच्या बाईने परीक्षेच्या दिवशी रजा घेतली की पुढच्या वर्षी तिच्या तासिका दुसऱ्या कोणाच्या नावावर लागतात. हे कोणी तोंडाने सांगत नाही.

"जा तू," अक्का म्हणाल्या. "पोरा काय माका नवीन? कॅमेऱ्यातसून बघत रव."

"जरा काही वाटलं तर आधी मला फोन करा," मी सांगितलं. दोनदा सांगितलं. दारातून परत येऊन तिसऱ्यांदा.

पेपर सुरू व्हायच्या आधी स्टाफरूममध्ये मोबाइल उघडला. ओवी गादीवर, गळ्यापर्यंत चादर. बाजूला अक्का, हात तिच्या कपाळावर. खिडकीतून आलेलं ऊन गादीवरून पार तिच्या पायांपर्यंत. कोपऱ्यात लाल ठिपका आणि त्यापुढे शब्द: लाइव्ह. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि हॉलवर गेले.

पेपर संपल्यावर परत बघितलं. ओवी झोपलेली, अक्कांचा हात कपाळावर. किती वेळ ही बाई एका जागी बसलीय, मला भरून आलं. शिपायाने चहा आणून दिला. दुसऱ्या पेपरचे गठ्ठे मोजून घेतले आणि सहज, सवयीने, पुन्हा एकदा मोबाइल उघडला.

ओवी. अक्का. हात. ऊन.

चहा तसाच राहिला. दुपार कलली होती. त्या खिडकीतलं ऊन आमच्या घरात सकाळचंच असतं. नंतर ते माडाच्या आड जातं आणि खोली सावळी होते. ओवीची दुपटी मी वर्षभर त्याच उन्हात वाळवलीत, मला ते पायाच्या बोटापर्यंत पाठ आहे. ते ऊन ओवीच्या पायांवरून तसूभरही हललं नव्हतं. आणि कोपऱ्यात लाल ठिपका होता. लाइव्ह.

अक्कांना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. परत लावला. परत. ती बाई तिच्या त्याच गोड आवाजात तेच सांगत राहिली. मग बाबूला लावला, का ते माहीत नाही, त्याचाच नंबर हाताला लागला.

"वयनी, घाबरू नको," त्याने उचलल्या उचलल्या म्हटलं. "तुझा चेडू बरा आसा. आमी दवाखान्यात आसंव."

गठ्ठे टेबलावर टाकून मी निघाले. कोणाला सांगितलं, कोणती रिक्षा केली, वाटेत कोणकोणते स्टॉप गेले, मला काही आठवत नाही. एवढंच आठवतं की सगळ्या रस्ताभर माझ्या हातात तो मोबाइल होता आणि त्यात माझी मुलगी शांत झोपलेली होती.

प्रत्यक्षात ती सरकारी दवाखान्याच्या खाटेवर होती, तोंड उघडं, हाताला सुई लावून पट्टी. झोपलेली. श्वास चालू. मी तिच्या छातीवर हात ठेवला तो उचलवेना. अक्का भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. पायात चपला नव्हत्या. दोन्ही तळवे फुटलेले, एकाला नर्सने कापूस लावला होता.

"फोन लावलंय गो," त्या म्हणाल्या. "वायफायचा चिन्ह भरलला, फोन लागता असा दाखवता आणि नुसतो फिरता. मी परत लावलंय. परत लावलंय. तू सांगललंस, आधी माका फोन कर."

वायफाय मेलेलं असलं तरी मोबाइलला ते कळत नाही, हे मला नंतर समजलं. तो त्याला धरून बसतो. आणि अक्का, ज्यांनी अंगणवाडीत शंभर पोरांच्या आकड्या, उलट्या, पडणं-झडणं निस्तरलं, त्या माझ्या शब्दाला धरून बसल्या. ओवीची आकडी थांबेना तेव्हा त्यांनी फोन फेकला, पोर उचललं आणि घाटी चढून वळणावर गेल्या. बंदरावरून परतणारा बाबूचा टेंपो तिथे भेटला नसता तर, हे वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही.

"थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टर एवढंच म्हणाल्या. रागावून नाही. पण अक्कांनी मान खाली घातली, आणि त्या बाईला मान खाली घालावी लागली ह्याचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

ओवीला घरी आणलं. जितूला फोन केला, निरोप धाडला, परत फोन केला, तेव्हा तो आला. ओटीच्या कडेवर टेकला. चहा कोणी विचारला नाही.

मोबाइलवर बोट फिरवून म्हणाला, "लिमिट संपला, वयनी."

"तू अनलिमिटेड म्हणालास."

"अनलिमिटेडच आसा. बंद खंय झाला? लिमिटच्या फुडे स्पीड तेवढो कमी होता."

"इतको कमी की फोन लागत नाय?"

"मेसेज वाचूक चलता."

"आणि लिमिट संपल्याचा मेसेज? तो कोणाक इलो?"

त्याने मोबाइल खिशात घातला. "माकाच इलो. वाडीतल्या सगळ्यांचे माकाच येतत. दिवसभर टिंग टिंग. मी खंयचे बघू? नेट हळू झाला की मानसा आपणहून फोन करतत, मगे मी बूस्टर मारून देतंय."

म्हणजे हे असं चालतं. मर्यादा संपू द्यायची, कोणाला सांगायचं नाही, माणूस कासावीस होऊन फोन करेल तेव्हा वरचे पैसे घेऊन वेग परत द्यायचा. माझी मुलगी आकडीत होती तेव्हा आम्ही त्याच्या धंद्यातल्या त्या वाट बघायच्या वेळात होतो.

मी काही बोलायच्या आत तो पुढे सरकला. आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखं म्हणाला, "खरा सांगू वयनी? गावपळणीत कॅमेरो चालू कोण ठेवता? तीन दिस तो चित्र वर पाठयत रवलो, ता पण मोजतत. तुमचो सगळो डेटा थंय गेलो. आणि देवाच्या दिसांत घरात डोळो लावचो नसता. मगे पोराक असा काय झाला तर..."

कॅमेऱ्याने वर पाठवलेलं चित्रही त्याच मोजमापात धरतात हे तो मला आज सांगत होता. देताना म्हणाला होता, फुकट.

अक्का आतून आल्या. लंगडत, एका पायावर. मला वाटलं, आता मला ऐकावं लागणार.

"जित्या," त्या म्हणाल्या, "देवाक मधी घेव नको. देव बिल धाडीत नाय. आणि देवाक माझो नंबर ठावक आसा, तुझो घालूक लागत नाय."

जितू उभा राहिला. चपला घालताना तोंडातल्या तोंडात म्हणाला, "बूस्टर मारूचो काय?"

आणि मी हो म्हटलं. हे लिहिताना माझे कान तापतात, पण लिहिते. ओवीचं अंग परत कोमट होतं आणि आमच्या वाडीत दुसरी वायर नाही. मी त्याच माणसाच्या हातावर पैसे ठेवले.

ओवीचा ताप गेला, ती परत भात थुंकायला लागली, तेव्हा मी कणकवलीला त्या कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीवर एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो, सगळ्यांच्या हातात एकेक मोबाइल. टेबलामागे सर्वेश नावाचा तरुण. बाजूच्या खुर्चीत जितू बसलेला, मला बघून उठला आणि म्हणाला, "या मॅडम, बसा आपण." चार दिवसांपूर्वी मी वहिनी होते.

मी सगळं सांगितलं. आवाज चढू दिला नाही, त्याचा मला आता पश्चात्ताप होतो.

"चित्र सकाळचं होतं आणि वर लाइव्ह लिहिलेलं होतं," मी म्हटलं. "वेग कमी केलात तर ते शब्द तरी काढा."

"ते ॲपमध्ये येतं, मॅडम. ॲप आमचं नाही."

"फोन लागला नाही."

"कॉलिंग आपल्या मोबाइल कंपनीचं. आम्ही फक्त वायफाय देतो."

"कॅमेरा?"

"कॅमेरा आपल्याला कॉम्प्लिमेंटरी होता."

"मग तुमचं काय आहे?"

त्याने जितूकडे बघितलं. जितूने टेबलाकडे बघितलं. "फायबर," सर्वेश म्हणाला.

"वायर."

"फायबर, मॅडम."

जोडणी तोडायची म्हटलं तर मुदत पुरी व्हायची होती. मुदतीआधी तोडली तर आधी माफ केलेला बसवण्याचा खर्च परत मागे लागणार होता, बॉक्सचा वेगळा. हे कोणी सांगितलं नव्हतं, मी म्हटलं. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. खाली बारीक अक्षरांची लांबच लांब पट्टी आणि तिच्या टोकाला माझी सही, बोटाने ओढलेली, गोगलगायीच्या वाटेसारखी. त्या दिवशी जितूने ती पट्टी मला दाखवली नव्हती, फक्त टोक दाखवलं होतं.

"माझा नंबर घाला," मी म्हटलं. "आत्ता, माझ्यासमोर."

आधार कार्ड घेतलं, घातला.

"आता वाडीतल्या बाकीच्यांचे."

"त्यांनी स्वतः यावं लागेल, आधार घेऊन."

"काशीबाई ऐंशीच्या आहेत. एसटीची पायरी चढवत नाही त्यांना."

"घरातलं दुसरं कोणी?"

"घरातलं कोणी असतं तर कॅमेरा कशाला लावला असता?"

सर्वेशने खांदे उडवले नाहीत, उर्मट बोलला नाही, काही नाही. नम्रपणे हसला. त्याला तसं शिकवलेलं असणार. त्या हसण्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात आलं, काशीबाईंचाही कॅमेरा गावपळणीत चालूच होता. मांजर दिसलं होतं त्यात. त्यांचीही मर्यादा तशीच संपली असणार, आणि तो मेसेजही ह्या समोर बसलेल्या माणसाच्या खिशात पडून असणार.

"काशीबाईंचं नेट चालू आहे का?" मी जितूला विचारलं.

"बघावं लागेल, मॅडम," तो म्हणाला. शुद्ध मराठीत.

एसटीतून उतरून मी घरी गेले नाही, सरळ वाडीच्या टोकाला गेले. दार लोटलेलं. हाक मारली. आतून आवाज आला, पण उठून कोणी आलं नाही. काशीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. उजवं मनगट सुजून वांग्यासारखं झालेलं, त्यावर फडकं गुंडाळलेलं. समोर पेजेचं भांडं, डाव्या हाताने जेवढी पिववेल तेवढी प्यालेल्या.

"कधी पडलात?"

"झाले दोन दिस. न्हाणीतसून येताना."

"कोणाक सांगलास नाय?"

"कोणाक सांगू? सत्यवान बघता आसा ना." त्यांनी मान वर करून भिंतीवरच्या त्या कपाएवढ्या वस्तूकडे बघितलं. "थंयच पडलंय, तेच्या समोर. उठाक किती येळ लागलो. तेना बघितल्यान असात सगळा." मग डाव्या हाताने मनगटावरचं फडकं सारखं करत म्हणाल्या, "तरी फोन नाय केल्यान."

दोन दिवस ती म्हातारी त्या भिंतीकडे बघत बसली होती, मुलाने आपल्याला पडताना बघितलं आणि विचारलंसुद्धा नाही असं समजून. मोडलेल्या हातापेक्षा तिला तेच जास्त दुखत होतं. ह्याची भरपाई कुठल्या आकारात बसते ते मला त्या थंडगार ऑफिसात जाऊन विचारायचंय.

मी धावत घाटी चढले आणि वळणावरून सत्यवानला फोन लावला.

"आये बरी आसा गो वयनी," तो म्हणाला. "आत्ताच बघितलंय. सूप घेऊन बसलीहा, तांदूळ निवडता. रोज ऑफिसात गेल्यावर पयला ताच बघतंय. त्रास नको म्हणान फोन करीत नाय, दुपारची पडलेली असता."

"सत्यवान, त्यांच्या हातात सूप राहत नाही," मी म्हटलं. आणि सांगितलं.

तो एकदाच म्हणाला, "पण वर लाइव्ह लिवलाहा."

तो त्याच दिवशी निघाला. बाबूने काशीबाईंना टेंपोत पुढे बसवून दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. सत्यवान आला तेव्हा त्या त्याच्याशी आधी बोलल्याच नाहीत. मग मी, अक्का आणि बाबू, आम्ही तिघांनी मिळून त्यांना समजावलं की त्याला दिसलं नव्हतं. मोबाइलमधलं चित्र कसं थांबतं ते त्यांना समजवणं सोपं नव्हतं. त्यांच्या लेखी काच म्हणजे काच; पलीकडे मुलगा आहे तर त्याला दिसणार. शेवटी अक्का म्हणाल्या, "गो काशीबाय, तो फोटो बघी होतो. फोटो." तेव्हा कुठे त्यांनी त्याच्या डोक्यावरून डावा हात फिरवला.

वाडीतली बाकीची घरं मी फिरले. एका विमलाताईंचं तेवढं वायफाय धड होतं. बाकी सगळीकडे कोणी ना कोणी लांबून आपलं माणूस बघत होतं, आणि काय बघत होतं ते त्यालाच ठाऊक नव्हतं. जितू आता सगळ्यांना मेसेज पुढे पाठवतो. प्रत्येक मेसेजखाली बूस्टरचा दर असतो. अक्का त्याला अजून ओटीवर बसायला सांगतात, कारण वाडीत कोणाला उभं ठेवायची रीत नाही. मी सांगत नाही.

मी कॅमेरा काढला नाही. सकाळी बघते, पण बघून झाल्यावर बाबूला किंवा त्याच्या बायकोला, जे कोणी वर रेंजमध्ये असेल त्याला, फोन करते, आणि ती दोघं मला कंटाळली असली तरी आमच्या दारातून डोकावून येतात. मुदत संपली की वायर तोडायची का, ह्यावर माझं आणि पुष्करचं रोज वाजतं. तो म्हणतो, दुसरं आहे काय. त्याचं खरं आहे, आणि त्याचाच मला संताप येतो.

तुम्ही हे वाचताय. तुमची आई, आत्या, एखादा एकटा काका अशाच कुठल्या रेंज नसलेल्या घरात असेल, आणि आज सकाळी मोबाइलवर त्यांना बघून तुम्ही निर्धास्त कामाला लागला असाल. ते चित्र जरा बाजूला ठेवा. त्यांच्या शेजारपाजारचा एखादा नंबर असेल तर लावा, नसेल तर शोधून काढा, आणि त्या माणसाला म्हणा, एवढं आमच्या दारात जाऊन हाक मारा. आतून ओ आलेली ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका.